शाळा, मुलं आणि मन : खान्देशातल्या पालक-शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २४ वर्षं विज्ञान शिकवलं. समुपदेशनाचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून, बऱ्याच उशिरा केला. आता चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यातल्या शाळांत पालकसभांना आणि शिक्षकांच्या बैठकांना जाते. सभेत हात वर करून कुणी काही विचारत नाही. चहा झाला, की व्हरांड्याच्या टोकाला एकेक जण गाठतो आणि "मॅडम, एक विचारायचं होतं" म्हणतो. खालचे प्रश्न त्या व्हरांड्यातले आहेत. मी डॉक्टर नाही, म्हणून औषधांबद्दल इथे थोडकंच सापडेल.

मानसिक आरोग्य म्हणजे वेडाचा विषय ना? आमच्या शाळेत तसलं कुणी नाही.

वेळेवर झोप लागणं, भूक लागणं, मित्राशी भांडून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणं, गणित चुकलं तरी वही उघडावीशी वाटणं, हे सगळं मानसिक आरोग्यच आहे. ते बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा वेडबिड काही दिसत नाही. मूल गप्प होतं, नाहीतर अंगावर धावून येतं. बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. ६० मुलांचा वर्ग धरला तर चार-पाच जण झाले. "आमच्या शाळेत कुणी नाही" याचा अर्थ कुणी बघितलेलं नाही, एवढाच मी घेते.

मुलगा रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. डॉक्टर म्हणाले काही नाही. नाटक करतोय का?

दुखणं खरं असतं. भीती वाटली की पोटाची हालचाल बदलते, मळमळतं, हातपाय गार पडतात. मोठी माणसंसुद्धा मुलाखतीला जायच्या आधी दोनदा संडासला जाऊन येतात. दहा वर्षांच्या मुलाकडे "मला त्या वर्गात बसायची भीती वाटते" हे वाक्य तयार नसतं. "पोट दुखतं" हे असतं. घरात अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुलाला तर मनातलं सांगायला कुठली भाषा घ्यावी, इथूनच अडतं.

डॉक्टरांकडे आधी गेलात ते बरोबर केलं. जंत, रक्त कमी असणं, लघवीचा संसर्ग ही कारणं आधी निकालात काढायलाच हवीत. शाळेत दर आठवड्याला निळी लोहगोळी मिळते. ती पोरं खातात की खिडकीतून टाकतात, हेही बघा. रक्त कमी असलेली मुलगी चौथ्या तासाला डुलक्या घेते आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतो. नंदुरबारात किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आदिवासी मुलाचे सांधे, हातपाय पुन्हा पुन्हा दुखत असतील तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. असं ठणकणारं अंग घेऊन कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलाला "कामचोर" म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय.

तपासण्या नीट निघाल्या, तर दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. कुठल्या वारी दुखतं, किती वाजता थांबतं, सुट्टीत दुखतं का. एका सहावीतल्या मुलाचं पोट फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुखायचं. आईनं वहीत लिहून आणलं तेव्हा उलगडा झाला. बाकीचे दिवस काका मोटारसायकलवर सोडायचे, हे दोन दिवस तो एसटीनं यायचा, आणि एसटीत दोन मोठी पोरं त्याचा डबा काढून घ्यायची. शिक्षकांना यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यानंतर एका शिक्षकांनी महिनाभर त्याच एसटीनं प्रवास केला. औषध तेवढंच लागलं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. कुठल्याही शाळेत गेले की मी आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का ते बघते. कडी नसली की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, दुपारी डोकं धरून बसतात आणि पाळीच्या चार दिवसांत शाळाच बुडवतात. समुपदेशकानं कितीही गोड बोलून उपयोग नाही. आधी सुताराला बोलवा.

६० पोरांच्या वर्गात कुणाचं काय बिनसलंय हे मला कसं कळणार?

तुमच्या टेबलावर हजेरीपट आहे, त्यापासून सुरुवात करा. आपण तो आडवा भरतो आणि महिनाअखेरीला बेरजा मारतो. तो एकदा उभा आणि आडवा असा दोन्हीकडून वाचा. सोमवारी कोण नसतं? मधल्या सुट्टीनंतर कोण नाहीसं होतं? दिवाळीनंतर कोण आलंच नाही? कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते, ते वेगळं कारण. पण वेचणी संपल्यावरही जे मूल येत नाही, त्याच्या घरी जायला हवं.

दुसरी जागा म्हणजे वही. अक्षर अचानक बिघडलं, पानं कोरी सुटायला लागली, शेवटच्या पानावर एकच चित्र गिरवून गिरवून काळं झालं, तर थांबून बघा. एखाद्या दिवसावरून निष्कर्ष काढू नका. मूल मुळात शांत असेल तर शांत असणं हे लक्षण नाही. बडबडं मूल शांत झालं, शांत मूल मारामाऱ्या करायला लागलं, आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर विचारायची वेळ झाली. बदल बघायचा.

आणि शाळेतल्या सगळ्यांत जाणत्या माणसाला विसरू नका. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मुख्याध्यापकांच्या आधी कळतं, की कोणतं पोरगं चार दिवस खिचडी तशीच सोडतंय आणि कोणतं दोनदा मागून घेतंय, म्हणजे घरी चूल पेटलेली नाही. शिपाईमामांना माहीत असतं, की शाळा सुटली तरी गेटवर कोण रेंगाळतं. यांना कुणी बैठकीला बोलवत नाही. एकदा बोलवून बघा, अर्ध्या तासात जेवढं कळेल तेवढं माझ्या दोन प्रश्नावल्यांतून कळत नाही.

कळलं की काहीतरी बिनसलंय. पण बोलायचं काय? उलट दुखावलं तर?

स्टाफरूममध्ये बोलवू नका. तिथं चार शिक्षक पेपर तपासत असतात आणि मुलाला वाटतं आपली पेशी आहे. काहीतरी काम काढा. नकाशे गुंडाळायचे आहेत, झाडांना पाणी घालायचंय, चल जरा. हात कामात असले आणि डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नसली, की मुलं बोलतात.

पहिला प्रश्न उघडा ठेवा आणि जे दिसलं तेच सांगा : "या आठवड्यात तू डबा खाल्ला नाहीस, मला दिसलं. काही झालंय का?" त्याच्या बोलीत विचारता आलं तर फारच बरं. "काय व्हयनं, भाऊ?" एवढं शिक्षकाच्या तोंडून ऐकलं की पोराचा चेहरा बदलतो, कारण ते शब्द त्याच्या आजीचे असतात. त्यानंतर गप्प राहा. हे सगळ्यांत अवघड, कारण आपल्याला ४० मिनिटं सलग बोलायची सवय. तो गप्प राहिला तर "बरं, नंतर सांगावंसं वाटलं तर मी मधल्या सुट्टीत इथंच असतो" म्हणा आणि खरोखर तिथं असा. बहुतेक मुलं तिसऱ्या-चौथ्या वेळेला बोलतात.

"एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस", "तुझ्या वयात आम्ही अनवाणी शाळेत जायचो", "आईबापाचं तरी बघ" ही तीन वाक्यं तेवढी टाळा. तिसरं सगळ्यांत वाईट, कारण मुलाच्या डोक्यावर आधीच तेच ओझं असतं.

गुपित ठेवायचं वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, पण कुणाला आणि कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू," असं सुरुवातीलाच बोला. बाकी जे ऐकाल ते स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाटायचं नाही. एका शाळेत एका मुलीनं बाईंना घरातलं सांगितलं आणि दुपारपर्यंत ते पाच जणांना ठाऊक झालं. त्या शाळेत नंतर दोन वर्षं कुणी मुलगी कुणाशी बोलली नाही.

जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारलं तर ते डोक्यात भरवल्यासारखं होणार नाही का?

नाही. जगभरच्या तज्ज्ञांचं यावर एकमत आहे. विचारल्यानं ती कल्पना पेरली जात नाही. मनात असेल तर ती बोलायला वाट मिळते आणि मूल सुटकेचा श्वास टाकतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,००० हून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला आहे. एवढ्या घरांनी हा प्रश्न विचारायचा राहून गेला असेल, तर लाजण्यात आपण फार वेळ घालवलाय.

"मी नसलेलं बरं", "आता तुम्हाला माझा त्रास होणार नाही" असं मूल बोलायला लागलं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, बरेच दिवस उदास राहून एकाएकी फार शांत झालं, तर वाट बघू नका. त्याच दिवशी विचारा. उत्तर हो आलं तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, पालकांना शाळेत बोलवायचं, आणि मुलाला घेऊन दवाखान्यात जायचं. घरी पाठवताना दप्तराबरोबर चिठ्ठी देऊन चालत नाही.

शेतकरी घरांसाठी आणखी एक. फवारणीची औषधं घरात, खाटेखाली, कोनाड्यात ठेवू नका. कुलुपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला असू द्या. संकटाची घडी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते आणि त्या वेळात हाताशी काही नसणं, यानं जीव वाचतात.

पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात, तेही सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. दवाखान्यात खरं सांगा.

१४४१६ ला फोन केला तर पुढे काय होतं?

ही टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारी सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, भाषा निवडायला सांगतात आणि त्यात मराठी आहे. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो; गरज वाटली तर तो पुढे डॉक्टरांशी जोडून देतो. नाव सांगायची सक्ती नाही. पालक, शिक्षक, मूल कुणीही करू शकतं. नंबर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये लावू नका. तिथं कोण मूल जाऊन लिहून घेणार? पाण्याच्या टाकीजवळ आणि स्वच्छतागृहाच्या भिंतीवर रंगवा. त्याच्याखाली १०९८ हा मुलांसाठीचा नंबरही टाका.

आमच्या शाळेत समुपदेशक नाही आणि मिळण्याची आशाही नाही. मग?

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला यावर मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण व्हावं, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असं त्यात आहे. कागद चांगला आहे. धडगावच्या डोंगरातल्या शाळेपर्यंत तो कधी पोचेल ते तुम्हीच ओळखा.

तोवर जोडणी तरी करून ठेवा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते लिहून आणा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, तरी निम्म्या मुख्याध्यापकांना त्याचा पत्ता नसतो. मूल संकटात असताना नंबर शोधत बसायला लागू नये, म्हणून हे जूनमध्येच करायचं काम आहे. आणि शाळेत दोन जण नेमा, एक सर आणि एक मॅडम, ज्यांच्याकडे मूल थेट जाऊ शकेल. निवड मुलांना करू द्या. मुख्याध्यापक ज्यांची नावं सुचवतात आणि मुलं ज्यांची लिहितात, ती यादी माझ्या अनुभवात क्वचितच जुळते.

थोडं मारल्याशिवाय, चारचौघांत बोलल्याशिवाय पोरं वळणावर येत नाहीत. त्याचं काय?

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई. मारणं आता कमी झालंय, हे खरं. बोलणं तेवढं झालेलं नाही.

मी हे वरून बोलत नाहीये. नोकरीच्या सुरुवातीला मी घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्यानं वाचायचे, खालून वर. वर्ग हसायचा आणि मला वाटायचं, लाजेनं अभ्यास करतील. एक मुलगा सलग तीन चाचण्यांत पहिला वाचला गेला. चौथ्या चाचणीला तो आला नाही, नंतर केळीच्या गाडीवर हमाली करताना दिसला. मला बघून त्यानं मान वळवली. त्याच्या शाळा सोडण्याला घरची आणखी दहा कारणं असतील. त्यातलं एक मी होते.

गुण एकेकाला कागदावर द्या. एवढाच बदल, खर्च शून्य.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी काय करावं?

निकालाच्या आधी घरात एकदा बोलून ठेवा : कमी पडले तर काय करायचं. नापास झाल्यावर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. हे मुलांना माहीत असतं असं आपण धरून चालतो. निकालाच्या सकाळी घाबरलेल्या डोक्यात ते नसतं. परीक्षेच्या काळात राज्य मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी नाशिक विभागीय मंडळ आहे.

त्या दिवशी मूल घरात एकटं नको. आपल्याकडे निकाल लागतो तेव्हा जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर असतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आईवडील शेतात नाहीतर कामावर, आणि पोरगं पत्र्याच्या खोलीत मोबाइलसमोर एकटं. आजी असेल तर आजी, नाहीतर शेजारच्या काकू, कुणीतरी असू द्या. शाळांनी पास झालेल्यांना पेढे भरवण्याआधी राहिलेल्यांच्या घरी फोन करावेत. वर्गशिक्षकाकडे यादी असतेच.

चौकातल्या फ्लेक्सबद्दल माझं मत कडू आहे. ९५ टक्केवाल्यांचे फोटो लागतात ते लागोत, पण त्याच चौकातून ४८ टक्केवाला रोज दूध घालायला जातो.

वर्षभराचं म्हणाल तर झोप. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे चारला उठवून, रात्री अकरापर्यंत क्लास आणि वर "लक्ष लागत नाही" ही तक्रार! लागणार कसं?

आश्रमशाळेतली मुलं सुट्टीनंतर परत यायला रडतात, पळून जातात. सवय होईपर्यंत असंच चालायचं का?

सहा-सात वर्षांचं पोर अक्कलकुवा किंवा धडगावच्या पाड्यावरून उचलून शंभर खाटांच्या खोलीत आणलं जातं. घरी पावरी किंवा भिलोरी, इथं पुस्तकातली मराठी. रात्री उठून कुणाला हाक मारायची, कुठल्या शब्दात मारायची, हेच त्याला कळत नाही. अंथरूण ओलं होतं आणि सकाळी सगळ्यांसमोर त्याची गोधडी वाळत पडते. याला सवय लागत नाही. मूल बधिर होतं आणि आपण त्याला "रुळलं" म्हणतो.

ज्या आश्रमशाळांत पळून जाणारी मुलं कमी झालेली पाहिली, तिथं फार मोठं काही केलेलं नव्हतं. पहिलीच्या मुलाला त्याच्या पाड्यावरचं आठवी-नववीतलं मूल जोडून दिलं, जेवायला शेजारी आणि झोपायलाही जवळच्या खाटेवर. अधीक्षकांनी पन्नासेक पावरी वाक्यं शिकून घेतली : भूक लागली का, कुठं दुखतं, आई कधी येणार. फोनचा वार ठरला आणि तो कधी चुकला नाही, कारण मूल दिवस मोजत असतं. गोधडीचा प्रश्न असा सुटला, की ओली अंथरुणं सकाळी कुणी न बोलता मावशी उचलायच्या आणि रात्री दहाला त्या मुलांना एकदा उठवायच्या.

होळीला सुट्टी द्यायला कुरकुर करू नका. सातपुड्यात होळी म्हणजे आपल्या दिवाळीहून मोठा सण. काठी गावची होळी बघायला माणसं रात्र रात्र चालत येतात, होळीच्या तोंडावर भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराला अख्खा पाडा उतरतो. त्या दिवसांत भिंतीआड अडकलेलं मूल पळणारच. तारखा आधी कळवा, नेण्या-आणण्याची सोय आईबापाशी बोलून ठरवा, म्हणजे पोर परतही येतं. तक्रारीसाठी आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं आहेत : नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल. पालकांना हे सांगितलेलं असावं.

ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची जी पोरं मागे आजीकडे राहतात, त्यांचंही थोडंफार असंच. दिवाळीनंतर ती सहा महिने बिनआईबापाची असतात. वर्गात त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा, मनातल्या मनात.

मोबाइल काढून घ्यावा का?

एकदम हिसकावून घेतला तर भांडण मोबाइलचं उरत नाही, मानाचं होतं. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाइल एका जागी, वडिलांचासुद्धा. हे जमत नसेल तर मुलाला सांगण्यात अर्थ नाही. रात्री दोनला कुणाचा मेसेज आला म्हणून मूल घाबरतंय, पैसे मागितले जाताहेत, फोटोवरून धमकी येतेय असं दिसलं, तर रागावू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे.

नववीतली मुलगी एकदम गप्प झाली. मैत्रिणी म्हणतात, आखाजीला लग्न ठरवलंय.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच मुहूर्तावर कुणा कोवळ्या लेकीला सासरी धाडायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. १०९८ ला फोन करता येतो. पण आधी आईवडिलांकडे जा. पुष्कळ वेळा कारण निघतं ते हे, की दहावीनंतरचं कॉलेज तालुक्याला, एसटीची वेळ नीट नाही आणि वाटेत टवाळ पोरं. यातलं काही सुटलं तर लग्न पुढं जातं.

मुलगी किंवा मुलगा लैंगिक त्रासाबद्दल बोलला, तर तिथं समजूत घालण्याचा, मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. लपवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, मग तो मुख्याध्यापक का असेना. पुन्हा पुन्हा "नीट सांग, काय काय झालं" म्हणून वदवून घेऊ नका. एकदा ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही" म्हणा, तिचे शब्द आहेत तसे लिहून ठेवा. शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी, असे शासनाचे आदेश आहेत. पेटी असते. ती उघडते कोण आणि किल्ली कुठं आहे, हे पालकसभेत विचारा.

घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय. भगताकडे नेलं तर शाळेनं विरोध करावा का?

भगताची टिंगल करू नका. टिंगल केली की घरचे तुमच्याकडे यायचे थांबतात आणि मूल त्यांच्या हातात एकटं राहतं. मी एवढंच म्हणते : "तुमचं देवाचं करा, आणि दवाखान्याचं मीही बरोबर येते." अंगारा लावून कुणाचं नुकसान नाही. चटके, मारहाण, उपाशी कोंडून ठेवणं मात्र चालणार नाही, तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि झटके येत असतील, तोंडाला फेस येऊन मूल पडत असेल, तर ती फिट असू शकते. तिथं एक दिवसही उशीर नको.

तोंडी सगळं सांगतो, लिहायला बसवलं की शून्य. आळस आहे का?

अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे डोकं चांगलं असून वाचणं-लिहिणं जड जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे. शासनमान्य केंद्राचं प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या फेब्रुवारीत जागे होऊ नका, पाचवी-सहावीत तपासा.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सवय लागेल का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर सुरूही करू नका. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

मुलांचं सगळं शिक्षकांनी बघायचं. शिक्षकांचं कोण बघणार?

कुणी नाही, सध्या तरी. मतदार यादी आमची, सर्वेक्षण आमचं, रोजची ऑनलाइन माहिती आमची, आणि वर हे. ज्या शिक्षकाची झोप उडालीय, तो मुलाचं ऐकून घेऊ शकत नाही. १४४१६ शिक्षकांसाठीही आहे. आणि मुख्याध्यापकांना एक विनंती : महिन्यातून एक बैठक अशी घ्या, जिथं कुठलीही माहिती भरून द्यायची नसते. पहिल्या दोन बैठका फक्त तक्रारींत जातील, जाऊ द्या.

(एका आठवीतल्या मुलीनं चिठ्ठीवर लिहून दिलेला) मैत्रिणीनं मला एक सांगितलंय आणि शपथ घातलीय की कुणाला सांगायचं नाही. ती हाताला इजा करून घेते. मी काय करू?

बाळा, तू शपथ मोडलीस तर ती रागावेल. कदाचित पंधरा दिवस बोलणार नाही. तरी सांग. तुला आवडणाऱ्या एका मॅडमला, किंवा तुझ्या आईला. जाताना तिला म्हण, "मी एकटी हे सांभाळू शकत नाही, म्हणून सांगतेय. तू पण चल माझ्याबरोबर." ती आली तर दोघी जा, नाही आली तर तू एकटी जा. मोठ्यांनी ऐकलं नाही तर दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जा. घरी आल्यावर तू जेव आणि वेळेवर झोप. रात्रभर तिच्यासाठी जागं राहणं हे तुझं काम नाही, ते आता आमचं.